दोन पास आणि कागलचा पत्ता

निपाणीहून साडेसहाची बस धरली तेव्हा स्टँडच्या पलीकडचं गाव दिसत नव्हतं. पौषातलं धुकं. तवंदीचा घाट चढताना गाडी कापसात शिरल्यासारखी हळू चालली होती. मधूनच एखादं झाड काचेजवळ यायचं, क्षणभर थांबल्यासारखं वाटायचं आणि मागे विरघळून जायचं. माझी बायको सुमन खिडकीशी बसली होती. काचेवरची वाफ बोटानं पुसून ती बाहेर बघायची, आणि थोड्या वेळानं काच पुन्हा भरून यायची.

बेळगावला आम्ही पुष्कळदा गेलो आहोत. दवाखान्याला, लग्नाला, एकदा कोर्टात साक्षीला. शहर बघायला म्हणून कधी गेलो नव्हतो. या खेपेलाही काम होतंच. दुपारी चार वाजता टिळकवाडीतल्या आधार केंद्रात सुमनचं टोकन होतं, कार्डावरचा पत्ता बदलण्यासाठी. निपाणीत दोनदा रांगेतून परत आलो होतो. बेळगावची वेळ मिळाली, तेव्हा सकाळीच निघून चारपर्यंत शहर बघावं असं ठरवलं.

पत्त्याचं थोडं सांगायला हवं. मी कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. एकोणीस वर्षं आम्ही सुमनच्या माहेरच्या घरात, कागलातच, खालच्या दोन खोल्यांत राहिलो. तीन वर्षांपूर्वी निपाणीत घर बांधलं. माझे कागद मी पंधरा दिवसांत बदलून घेतले. सुमनच्या सगळ्या कागदांवर अजून कागलच आहे. निपाणी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात. कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट, पण कार्डावर पत्ता कर्नाटकातला लागतो. त्यामुळे निपाणीत राहून सुमन तिकीट काढते. सांगितलं की म्हणते, "बदलू की." गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. आता तिचा पुण्यातला भाऊ ते घर विकतो आहे, पुढच्या महिन्यात खरेदीपत्र आहे. दुसऱ्याच्या घराचा पत्ता आपल्या कार्डावर असणं मला पटेना, म्हणून टोकन मीच काढलं.

बेळगावच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन धुक्यातून गाळून येत होतं. माणसं आधी सावलीसारखी दिसत आणि मग चेहऱ्याची होत. शहर बघायचे तीन मार्ग होते. एका खाजगी टूरवाल्याच्या फलकावर आठ तासांत नऊ ठिकाणं लिहिली होती. निम्मा वेळ रस्त्यात धरला तर एका ठिकाणी सत्तावीस मिनिटंही येत नाहीत. दुसरा मार्ग दिवसभराची रिक्षा, पण रिक्षावाला थांबला की आपल्याला घाई होते. तिसरा, शहर बसचा दिवसाचा पास. चार वेळा चढलं की बरोबरी, पुढचं सगळं फायद्यात, आणि कुठंही उतरा, कितीही बसा. मी पास निवडला.

"बन्नी, बन्नी (या, या)," कंडक्टर म्हणाला. "एक पास ना? आक्कांना झिरो तिकीट हाय." झिरो तिकीट म्हणजे बायकांचं बिनपैशाचं तिकीट.

"दोन पास. तिचं कार्ड कागलचं आहे," मी म्हणालो.

त्यानं कार्ड हातात घेतलं. "ऱ्हायला कुठं?"

"निपाणीत."

"मग आमच्याच की आक्का. फाडतो झिरो तिकीट."

"नको. कार्डावर नाही ते घ्यायचं नाही."

त्यानं सुमनकडं बघितलं. "आक्का, ह्यांच्यासंगं संसार केलासा व्हय?"

"केला की. सवय हुतीया अण्णा," सुमन म्हणाली. "बदलायचंच हाय आज कार्ड."

पुढच्या बाकावरच्या दोन बायका हसल्या. सुमन हसली नाही. दाढ काढायला निघालेलं माणूस "आज काढायचीच आहे" म्हणतं, तसं ते वाक्य मला वाटलं.

किल्ल्याच्या खंदकावर धुकं अजून पाण्याला चिकटून होतं. आत कमल बस्तीत (हे जुनं दगडी जैन मंदिर) शिरलो आणि बाहेरचा आवाज एकदम थांबला. छतात दगडाचं कमळ उलटं फुललेलं आहे. सुमन त्याच्या खाली मान वर करून उभी राहिली. मी पाकळ्या मोजायला लागलो, दोनदा चुकलो आणि सोडून दिलं. किती वेळ गेला ते घड्याळ बघितल्यावरच कळलं. पाऊण तास.

तिथून घाईत एका बसमध्ये चढलो, तर ती बाहेरगावची निघाली. तिच्यात पास चालत नाही. खिशात दोन पास असताना दोन तिकिटं काढली आणि पुढच्या थांब्यावर उतरलो. "आता कसं," सुमन म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

खडेबाजारात कुंदा (दूध आटवून केलेली, तपकिरी, दाणेदार मिठाई) खाल्ला. मग येळ्ळूरची बस धरली. राजहंसगडावर पोहोचेपर्यंत आकाश धुतल्यासारखं झालं होतं. खाली शेतांचे तुकडे, त्यांच्या कडा निळसर धुरात मिसळलेल्या, आणि वारा असा की बोललेलं तोंडातून उचलून नेत होता. तटाच्या आडोशाला आम्ही घरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

"कागल कुठल्या अंगाला?" सुमननं विचारलं.

मी मोबाईलवर दिशा बघून उत्तरेकडं हात केला. "नव्वद किलोमीटर तरी असेल. दिसणार नाही."

"म्हाईत हाय." ती तिकडंच बघत राहिली. "आज पत्ता काढला की परत लावता येत न्हाय न्हवं?"

"घर विकल्यावर लावून काय करणार?"

"विकल्यावर न्हाय वो. पर अजून विकल्यालं न्हाय की. आई गेली. दादा पुण्याचा झाला. त्या घरची म्हणून कागदावर मी एकटीच ऱ्हायलेय. आणि तुम्ही मला तिकिटाचं सांगताय."

वर्षाला किती वाचतील तो आकडा मला पाठ होता. तो मी गिळला.

परतीच्या बसमध्ये ऊन खिडकीतून सुमनच्या मांडीवर आलं होतं. झाडांच्या सावल्या त्यावरून वाहत जात होत्या. ती डोळे मिटून बसली होती, पण झोपली नव्हती. साडेतीन वाजले. टिळकवाडी जवळ आली. राहतो तिथलाच पत्ता कार्डावर असावा, हा नियम मला मान्य आहे, आणि त्यात कुठं जागा सापडते का ते मी गडापासून शोधत होतो. नियमात जागा नव्हती. पण नियम पाळायचे दोन मार्ग असतात. पत्ता बदलायचा, किंवा माणसांनी तिथं जाऊन राहायचं.

"खरेदीपत्राला महिना आहे ना?" मी म्हणालो. "तोवर कागलला राहू. मला कामाला जवळच पडेल."

तिनं डोळे उघडले. "तिथं भांडी न्हाईत."

"उद्या नेऊ."

"दिवाबत्ती?"

"लाईट अजून चालू आहे. बिल मीच भरतो."

"लोक काय म्हणतील, घर बांधून सासुरवाडीत आला म्हणून?"

"एकोणीस वर्षं म्हणालेच आहेत."

टिळकवाडीचा थांबा आला. दार उघडलं, दोन माणसं उतरली, एक चढला, दार लागलं. सुमननं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खिडकीकडं वळली. मी मोबाईलवरून टोकन रद्द केलं.

बेळगावच्या स्टँडवरून कोल्हापूरची गाडी मिळाली. "कागल, दोन," मी म्हणालो. संकेश्वरला दिवस मावळला. निपाणीत गाडी थांबली तेव्हा निम्मी माणसं उतरली. आमच्या शेजारचे आप्पा स्टँडवर उभे होते, त्यांनी हात करून विचारलं, "उतरत न्हाईसा?" सुमननं खिडकीतून सांगितलं, "म्हयन्यानं." पुढं सीमेवरचा कोगनोळीचा नाका गेला, खाली अंधारात दूधगंगा गेली, आणि तिनं पर्समधून किल्ली काढून हातात धरली.

प्रवासाला गेलेला माणूस घरी परत येतो आणि मग लिहितो. मी हे कागलहून लिहितो आहे. इथं आल्याला अकरा दिवस झाले. नवं टोकन खरेदीपत्राच्या दुसऱ्या दिवसाचं घेणार आहे, आणि त्या दिवशी मला तिला एकदाही सांगावं लागणार नाही. परवा पोस्टमन आला. सुमनच्या नावाचं बँकेचं रजिस्टर पत्र होतं. "ताई, तुम्ही इथंच ऱ्हाता व्हय अजून?" त्यानं विचारलं.

"व्हय," सुमन म्हणाली, आणि सही केली.