दाराच्या मुठीवरची लोकर

कच्च्या जर्दाळूंना एक तुरट, हिरवा वास असतो. आजही तो आला की सांता क्लारातली आमची दोन खोल्यांची जागा आठवते, मागची उरलीसुरली बाग आठवते, श्रीनिवासच्या दाराच्या मुठीवर अडकवलेली लोकरीची वेटोळी आठवतात, आणि माझी नजर आपोआप खाली जाते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही दोघं तिथे एकत्र राहून एकाच प्राध्यापकांकडे संशोधन करत होतो. श्रीनिवासचे वडील मूळचे सोलापूरचे विणकर. तो लहान असतानाच ते यॉर्कशायरमधल्या लोकरीच्या गिरणीत गेले आणि तिथल्या रग्बी लीगचे वेडे झाले. तेरा-तेरा माणसं चिखलात एकमेकांवर आदळतात तो हा खेळ, एवढंच मला कळलं होतं. त्या मोसमात त्यांच्या गावचा संघ पहिल्या विभागातून खाली घसरण्याच्या बेतात होता. दर सामन्यानंतर त्याचे बाबा, माझ्यासाठी काका, गावच्या वर्तमानपत्राची गुंडाळी लोकरीच्या धाग्याने बांधून पाठवत. ती तीन आठवड्यांनी पोचे. श्रीनिवास ती रविवारी सकाळीच उघडायचा, धागा न कापता बोटाने हलकेच सरकवून, आणि ते वेटोळं मुठीवर अडकवायचा. "बघ, बाबांची नॉट," तो म्हणायचा. "मागावर तुटलेलं सूत अशा गाठीने जोडतात यार. हाताला लागतसुद्धा नाही." मग मला निकाल वाचून दाखवायचा, जणू सामना आत्ताच संपला आहे.

वसंतात कळलं की पुढच्या वर्षीची संशोधनवृत्ती दोघांपैकी एकालाच मिळणार. त्यानंतर त्याचं हसणं मला मोजूनमापून केलेलं वाटू लागलं, त्याने पुढे केलेल्या चहातही हेतू दिसू लागला. अशातच माझ्या नोंदींची दोन पानं गहाळ झाली. एका शनिवारी दुपारी तो कपडे धुवायला गेला होता, आणि त्याच्या टेबलावर मोसमातली शेवटची गुंडाळी उन्हात पडली होती. पानं लपवायला याहून चांगली जागा कोणती, असं मला खरोखर वाटलं. धागा सरकेना, ओढला तसा तुटला. आत फक्त वर्तमानपत्र होतं. संघ हरला होता, घसरला होता, आणि समासात काकांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'असू दे. पुढच्या वर्षी परत वर येऊ.' तुटक्या टोकांना मी निरगाठ मारली.

रविवारी त्याने कागद उलगडलाच नाही. गाठ बोटांत फिरवत राहिला.

"ही बाबांची नॉट नाही रे. त्यांच्या हाताला काही झालं नसेल ना?"

"घाईत बांधली असेल," मी म्हणालो.

त्याने फोन केला. काका म्हणाले, सगळं ठीक आहे. पण त्याचा विश्वास बसला नाही. "म्हातारी माणसं लपवतात," तो म्हणाला, आणि गाठीबद्दल विचारणारं पत्र लिहिलं. माझा संशय आता त्याच्या घरी जाऊन बसला होता, तोही एका निष्पाप म्हाताऱ्यावर. दुसऱ्या दिवशी माझी पानं प्रयोगशाळेतल्या झेरॉक्स यंत्राच्या झाकणाखाली सापडली, मीच विसरलेली. तो रोज टपालपेटी दोनदा उघडायचा. मी खिडकीतून पाहायचो.

अखेर काकांचं उत्तर आलं. श्रीनिवासने मला ते नेहमीसारखं मोठ्याने वाचून दाखवलं: "हात ठणठणीत आहेत. आणि घाईत कशाला बांधीन? आपल्याकडे गाठ कधी कुणी घाईत मारली आहे का?" मग त्याने पत्राची घडी घातली आणि चहा ठेवला. दोघांचा.

वृत्ती मला मिळाली. जूनच्या अखेरीस, बागेत पिकलेल्या जर्दाळूंचा खच पडला असताना, तो दुसऱ्या राज्यात निघून गेला. त्याची खोली झाडायला गेलो तर मुठीवरची सगळी वेटोळी त्याने नेली होती. एकच उरलं होतं, निरगाठीचं.

घाईत राहिलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्या घरातलं कुणी कधी घाई करत नसे.