लिंब की आग्या

मुकुंदवाडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशी माणसांचे दोनच प्रकार मानतात. एक कडुलिंब, म्हणजे बोलायला कडू, पण सावलीला पक्का. दुसरं आग्या मोहोळ, म्हणजे मध भरपूर, पण जवळ गेलात की डसलंच. "दोन्ही औषधीच हायती सर, पर घर लिंबाखाली बांधावं," असं त्या भाजी निवडता निवडता मला सांगतात.

मावशींच्या लेकीला बघायला आलेले पहिले पाहुणे "आम्हाला काहीच नको, तुमची लेक ती आमची लेक" असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. मावशी माझ्या कानाशी लागून "आग्या" म्हणाल्या आणि नुसत्या चहावर त्यांची बोळवण केली. पुढचा मुलगा पहिल्याच घोटाला म्हणाला, "चहात साखर लई झालीय." मावशींनी लेकीकडं पाहिलं आणि तिथंच सुपारी फोडली. लेक आज सुखात आहे, चहा मात्र बिनसाखरेचा पिते.

परवा मी धीर करून विचारलं, "मावशी, मग मी कोण?"

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तुमी व्हय? तुमी लिंबावर बसलेलं आग्या मोहोळ."

सावलीही आणि मधही, म्हणून मी खूश झालो. तेवढ्यात घरातून बायकोचा आवाज आला, "व्हय मावशी, कडू बी आन डसतं बी!"