रुपेर्तोच्या डोक्यावरचा भार

वाल्पराइसोच्या आमच्या टेकडीवर माणसं नेणारे दोन लाकडी डबे एकाच तारेला बांधलेत. एक वर आला की दुसरा खाली. त्या तारेला एकतीस वर्षं वंगण लावलं मी, तेव्हा हे ऐकीव नाही. वर यंत्रखोलीत रुपेर्तो कार्कामो बसायचा. खाली ओर्तेन्सिया. ती फाटक लावून दोनदा घंटा वाजवायची, मग रुपेर्तो ब्रेक सोडायचा.

कचेरीच्या मनात आलं, ओर्तेन्सियाला काढावं, खाली कॅमेरा लावावा, पडद्यावर रुपेर्तोनेच बघावं. पण आधी त्याच्या डोक्यावर किती भार आहे ते मोजायला हवं. मोजायला विद्यापीठातून नोएमी आली. तिच्या कागदावर सहा रेघा, रेघेला वीस घरं; पहिलं म्हणजे अगदी कमी, विसावं म्हणजे फार. डोकं किती लागलं, अंग किती, घाई किती, चिडचिड किती, असं बरंच. प्रत्येक फेरीनंतर खूण करायची.

रुपेर्तोने सगळ्या खुणा पहिल्या घरात केल्या. धुक्यात डबा दिसेना, पहिलं घर. चोवीस पोरं डब्यात उड्या मारत होती, पहिलं घर. असे चार दिवस.

"आजोबा, काहीच अवघड गेलं नाही?"

"छे."

त्याच्या कपाळावरचा घाम कागदावर टपकला. नोएमीने तो टिपला आणि खालची खूण वाचली. पहिलं घर.

हे ओर्तेन्सियाला कळलं. ती एकशे बासष्ट पायऱ्या चढून वर आली. तिच्यासाठी घंटा वाजवणार कोण?

"काय हो कोंपाद्रे, तुमच्या पोरीची धर्ममाता मी, आणि मलाच घरी बसवताय? धुक्यात शर्ट पिळून काढता, आणि म्हणे पहिलं घर!"

रुपेर्तोने ओठांवर बोट ठेवलं आणि तार ओढणाऱ्या मोठ्या चाकाकडे बघितलं. ओर्तेन्सियाने जीभ चावली. रागात तीही विसरली होती. आमच्याकडे यंत्रासमोर 'जड जातंय' म्हणत नाहीत. रुपेर्तोच्या आधीचा माणूस एकदा म्हणाला आणि दुपारी तार खोबणीतून निघाली. कुणाला लागलं नाही, पण चाळीस माणसं पायी चढली, आणि चाळिसांनीही त्याला आपलं मत सांगितलं.

"मग बोलू नका, नुसतं लिहा," ओर्तेन्सिया कुजबुजली.

"त्याच्यासमोर लिहिलं तरी तेच."

"यंत्राला वाचता येतं?" नोएमीने विचारलं.

"शंभर वर्षांचं आहे, पोरी. तेवढ्यात कुणालाही येईल."

माझी शाळा चौथीत सुटली, मला ते पटलं. नोएमीनेही वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून रुपेर्तो प्रत्येक फेरीनंतर बाहेर यायचा, दार घट्ट लावायचा आणि पायरीवर बसून खुणा करायचा. डोकं अठरा. घाई एकोणीस. तोवर खाली रांग लागायची.

"चिडचिड वीस? कशाची?"

"हा कागद भरण्याची."

नोएमीने अहवाल दिला: या माणसावर आणखी भार टाकू नये. तळाशी टीप होती: यंत्रासमोर भरलेले कागद हिशेबात धरू नयेत. टीप कचेरीत कुणाला कळली नाही, म्हणून सगळ्यांनी सही केली.

सोमवारी दाट धुकं होतं. खालून ओर्तेन्सियाची घंटा दोनदा वाजली. रुपेर्तोने कपाळ पुसलं, ब्रेक सोडला आणि चाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अगदी सोपं आहे."