माझ्या हातचा भंडारा

ओवाळायचं ताट माझ्यासमोर आलं आणि बाजूला सरकलं.

नगरपालिकेची निवडणूक होती. उमेदवार मी. पत्रकावर फोटो माझा, हार माझ्या गळ्यात. आमच्याकडे मत मागायला दारात आलेल्या उमेदवाराला घरची बाई ओवाळते. व्यापाऱ्यांच्या गल्लीतल्या त्या घरच्या सुनेनं निरांजन फिरवलं, पण आक्कांभोवती. आक्का म्हणजे आमच्या मिलमालक आप्पांची बायको, माझ्यासोबत प्रचाराला आलेली. मी पायरीखाली उभी. कुणीतरी सुनेच्या कानाला लागलं, उमेदवार ती आहे म्हणून. सुनेनं चिमूटभर कुंकू कागदावर काढलं आणि कागद पायरीवर ठेवला.

"लावून घ्या तुमचं तुम्ही."

मी वाकले. लावून घेतलं. वर हसलेसुद्धा. त्या सुनेचा राग मला आज येत नाही, त्या हसण्याचा येतो.

आप्पांची डाळ मिल. माझी आई तिथं तूर निवडायची, मग मी निवडायला लागले. आमच्या वॉर्डात अर्धी त्यांची गल्ली आणि अर्धी आमची वस्ती. गल्लीतले लोक वस्तीला अजून मांगवाडा म्हणतात. वॉर्ड खुला असायचा तेव्हा आप्पा निवडून यायचे. महिलेला सुटला तेव्हा आक्का आल्या. सह्या आक्कांच्या, कारभार आप्पांचा. मग एकदा सोडतीत चिठ्ठी निघाली, अनुसूचित जातीची महिला. गल्लीत सुतक पडलं. आप्पा मात्र दुसऱ्या दिवशी मिलमध्ये आले, सुपं घेऊन बसलेल्या बायांवरून नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"ही चालंल. ही उलट बोलत न्हाई."

एवढी एकच माझी लायकी. आणि मला आनंद झाला! घरी जाऊन मी आईला मिठी मारली.

वस्तीतून माझी मावसबहीण सुमन उभी राहिली. घरात शिलाई मशीन चालवायची. नळाला पाणी येईना तेव्हा बायांना घेऊन पालिकेच्या दारात रिकाम्या घागरी आपटणारी तीच. वस्ती तिच्या मागं होती. आप्पांना ते कळत होतं. त्यांनी मला बोलावून एक पुडकं दिलं. माळेगावच्या खंडोबाचा भंडारा.

"गल्ली माझ्याकडं. वस्तीत तू फिर. हातावर भंडारा ठीव अन् मत द्यायची शपथ घाल."

आमच्यात खंडोबाचा भंडारा हातावर पडला की माणूस दिला शब्द फिरवत नाही. मेला तरी नाही. आप्पांच्या हातून तो कुणी घेतला नसता. माझ्या हातून घेतला. घरची लेक म्हणून घेतला.

मी घरोघर फिरले. म्हाताऱ्यांच्या, नव्या सुनांच्या, सगळ्यांच्या तळव्यावर पिवळी चिमूट टाकत गेले. शेवटी मावशीच्या घरी गेले. मावशी म्हणजे सुमनची आई. तेच एक घर मी सोडायला पाहिजे होतं. पण मला हुरूप चढला होता. सुमन बाहेर गेली होती. मावशी भाकरी थापत होती. पिठाचा हात तिनं मागं घेतला.

"पोरी, मला नको घालूस गं."

"घे मावशी. देवाचं हाय, न्हाई म्हणू नये."

तिचा हात धरून मी भंडारा टाकला.

मी निवडून आले. गुलालात माखून वस्तीत आले तेव्हा मावशी दारात बसली होती. म्हणाली, "तुलाच दिलं बघ." पोटच्या पोरीला मत दिलं नव्हतं तिनं. डोळे कोरडे होते. मी पेढा पुढं केला. तिनं घेतला नाही.

पुढची पाच वर्षं काय सांगू? शिक्का आप्पांच्या कपाटात. सभेत आप्पांचा पोरगा मागं बसायचा, तो खोकला की मी हात वर करायचा. ठराव कशाचा ते विचारायचं नाही. एक दिवस वस्तीपुढच्या मोकळ्या जागेवर जेसीबी आला. आमची लग्नं तिथं लागायची, मयतीला माणसं तिथं जमायची. आता दुकानं बांधणार म्हणे. सुमन माझ्या दारात आली.

"तुझा हात वर होता गं."

"मला म्हाईत नव्हतं, सुमन."

"म्हाईत नसतंय म्हणूनच तर तुला निवडलं त्यांनी."

मुदत संपली. नंतर कैक वर्षं निवडणूकच नाही, प्रशासक. यंदा लागली. सोडतीत चिठ्ठी पुन्हा तीच निघाली. आप्पांनी निरोप धाडला. मी गेले. सगळे सोफ्यावर, मी सतरंजीवर. नगरसेविका होते तेव्हाही तिथंच बसायची. आप्पांनी पुडकं पुढं सरकवलं.

"यंदा बी तूच. लाग फिरायला."

मी पुडक्याकडं बघत राहिले. आप्पांची नाही, माझी मला किळस आली. ह्या माणसानं माझ्या वस्तीत कधी पाय ठेवला नव्हता. मावशीचा हात धरला तो मी.

"मी उभी ऱ्हाणार न्हाई. अन् भंडारा कुणाच्या हातावर ठेवणार न्हाई."

"काय बोललालीस? शुद्धीवर हाईस का?"

"आता आलेय."

"मग मिलमदी पाय ठेवू नको."

"बरं," म्हटलं आणि उठले.

तशीच मावशीकडं गेले. वाटलं होतं, पाय धरीन, रडीन, मोकळी होईन.

"मावशी, मी घातलेली शपथ खोटी होती. मी ती माघारी घेते."

"देवाची शपथ तुझ्या बापाची हाय का माघारी घ्यायला?"

सुमननं मशीन थांबवली नाही. कापडावरची नजरही काढली नाही. एवढंच म्हणाली, "घरात काय बोललालीस? चौकात बोल."

बरोबर आहे तिचं. शपथ मी घरोघर घातली, माफी मात्र कोपऱ्यात मागायला निघाले होते. सुमननं मला माफ करू नये. मीही आता माफी मागत नाही.

काल कळलं, आप्पांचं पुडकं माझ्या भावाच्या घरी पोचलं. भावजय उभी राहतेय. सुमनही उभी आहे. भाऊ उद्या भंडारा घेऊन वस्तीत निघणार. त्याच्या आधी मी निघणार आहे. चौकातून सुरुवात करीन. मग प्रत्येक दारात उभी राहून मोठ्यानं सांगीन, मी तुम्हाला कसं विकलं ते. शिव्या मिळतील, कुणी अंगावर पाणी टाकील. टाकू दे. आणि भाऊ कुणाच्या तळव्यावर चिमूट टाकायला वाकला, तर सगळ्या वस्तीसमोर त्याचं मनगट मी धरणार आहे. सोडणार नाही.