रस्ता न विचारणारे साडू

माझ्या साडूंनी आयुष्यात कुणाला रस्ता विचारलेला नाही, आणि शिरूर-दौंड तालुक्यांत असं एकही गाव नाही जिथं ते चुकलेले नाहीत. रांजणगावच्या एका कंपनीत ते स्टोअर सांभाळतात. माल येण्याआधी जागा तयार हवी, हा तिथला नियम त्यांनी प्रवासालाही लावला आहे. कुठं निघायचं झालं की आदल्या दिवशीच त्या भागाचा नकाशा ते फोनमध्ये उतरवून घेतात. वाटेत रेंज गेली तरी अडायला नको. मार्केट यार्डात मेथी आणायलाही ते नकाशा लावून जातात, आणि यार्ड त्यांच्या गॅलरीतून दिसतं. माणसांबद्दलचं त्यांचं मत पक्कं आहे. "विचारलं की कुठलं गाव, कुणाचे पाव्हणे, बसा, चहा घ्या. फोन चहा पाजत न्हाई."

गेल्या वर्षी भांडगावाजवळ माझ्या मेव्हण्याची वास्तुशांत होती. घर शेतात, नवंकोरं. हायवे सोडताच रेंज गेली तसे साडू खुलले. नकाशानं आम्हाला कालव्यावर आणून सोडलं. पलीकडं घर दिसत होतं, मांडव दिसत होता, रश्श्याचा वासही येत होता. पूल तेवढा नव्हता. तिकडची माणसं मागं फिरा म्हणून हात करत होती. साडूंनीही आपुलकीनं हात हलवला. वळसा घालून पोहोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. मेव्हणा रुसला.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. बोहल्यावर तिच्या पाठीशी मामा हवा, आणि मामाचा निरोप आला होता की मी तुमच्या नकाशात न्हाई, तर मांडवात कशाला. पत्रिका हातात द्यायला निघालो. गाडी साडूंचीच. या खेपेला कालवा टाळून धरलेला नवा रस्ता उसाच्या दोन फडांमध्ये संपला; नकाशात तो ऐटीत पुढं जात होता. साडू बराच वेळ फोनकडं बघत राहिले. मग उतरले आणि उसाला पाणी देणाऱ्या एका म्हाताऱ्यांना म्हणाले, "आबा, चुकलो. वाट सांगता का?"

आबा गाडीत बसून थेट दारापर्यंत आले. "तुमचं पाव्हणं वाट इचारत व्हतं," त्यांनी मेव्हण्याला सांगितलं.

मेव्हण्यानं पत्रिकेकडं बघितलंच नाही. "ह्यांनी इचारली?"

"व्हय," साडू खाली बघत म्हणाले. "पोरीसाठी इचारली."

मेव्हण्यानं पत्रिका हातात घेतली आणि आत चहा सांगितला.

मामा पाठीशी उभा राहिला. मुलगी सासरी गेली. तिच्या गावाचा नकाशा साडूंनी माझ्या फोनमध्ये उतरवून दिला आहे. तिथं रेंज चांगली आहे, रस्ताही मला पाठ आहे. तरी एखाद्या दुपारी चष्मा लावून मी तो उघडतो, आणि तिच्या घरावरचं लाल टिंब जागेवर आहे ना, एवढं बघून ठेवून देतो.