वडाची जागा

अंगणात काय लावावं ते पाहायला मी धाकट्या बहिणीबरोबर संस्थानकाळातल्या बागेत गेले. कर्दळीचे ताटवे पाहत चालताना फरसबंद वाटेनं मध्येच वळसा घेतला. वळशाच्या आत नुसती मोकळी माती होती.

“इथं वड होता, वादळात पडला,” पाणी घालणारे माळीबुवा म्हणाले. “बायका वटपौर्णिमेला अजून इथंच फेऱ्या घालतात. काही लावलं तर जगत नाही. सावली पडते ना.”

ऊन तर टळटळीत होतं. तरी येणारे-जाणारे गप्पांच्या नादात तेवढा वळसा घालूनच जात होते. झाड गेलं, तरी त्याच्यासाठी घेतलेलं वळण पायांतून जात नसावं. मला हसू आलं. मी सरळ त्या मातीत शिरले आणि मधोमध उभी राहून बहिणीला हाक मारली.

ती वाटेवरच थबकली.

“ताई, बाहेर ये,” ती हळूच म्हणाली. “तुझ्यावर ऊन पडत नाहीये.”