सातव्या कार्डाचा ताप

हिंगणीच्या टेलिफोन एक्स्चेंजात कपाटभर कार्डं होती. पाटीएवढं एकेक कार्ड गावातले फोन जोडायचं. सन अठ्ठ्याण्णवमध्ये त्यांची तब्येत सांभाळायला आमचे बबनराव होते. प्रत्येक कार्डापुढे दिवा असे. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड. पण बबनरावांचा दिव्यावर भरवसा नव्हता. रोज सकाळी ते कार्डांच्या चौकटीला उलटा हात लावत, जसा आपण पोराच्या कपाळाला लावतो, आणि रजिस्टरात लिहीत: ‘तीन नंबर बरा. सात नंबरले कणकण.’

दसऱ्याच्या आधी सातव्याची कणकण वाढून ताप झाला. मागचं झाकण साहेबाशिवाय उघडायची परवानगी नव्हती, म्हणून बबनरावांनी वर्ध्याला तीन पत्रं धाडली. पत्रांतला ‘ताप’ वाचून चिडलेले साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आले ते रजिस्टर बंद करायलाच.

येताच ते दचकले. सातवा दिवा लाल.

बबनराव ओशाळले. “कुंकू हाय साहेब. काल यंत्राची पूजा केली. हा आजारी म्हणून माह्या बायकोनं, प्रमिलानं, याले जरा जास्तच लावलं.”

साहेबांनी रुमालाने दिवा पुसला. स्वच्छ हिरवा.

“झालं समाधान? कार्ड ठणठणीत आहे. हे हकीमगिरीचं रजिस्टर आजपासून बंद, आणि उद्यापासून तुम्ही खांबावर, तारा जोडायला.”

बावन्न वर्षांचे बबनराव खुर्चीवर चढतानाही रामाचं नाव घेत. त्यांनी कपाटाकडे पाहिलं.

“जातो साहेब. पण दिव्याले करंट समजते, ताप नाई समजत. एकडाव हात लावून पाहा. उलटा लावजा.”

साहेबांनी हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग झाकण उघडलं. आतला पंखा ठप्प होता. शेजारच्या अंगणात कापसाचे ढीग पडले होते आणि त्या कापसाचे तंतू पात्यांत असे बसले होते की एक उशी सहज भरली असती.

पंखा साफ होऊन फिरला. अर्ध्या तासाने साहेबांनी स्वतः उलटा हात लावला आणि रजिस्टरात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘सात नंबर, ताप उतरला.’

महिनाभरात तालुक्यातल्या प्रत्येक एक्स्चेंजात तसं रजिस्टर आलं. कसा हात लावायचा ते शिकवायला बबनराव साहेबांच्या जीपमधून, पुढच्या सीटवर बसून निघाले.

दारातून प्रमिलाबाई म्हणाल्या, “आता त्या हाताले जपजा. सरकारी झाला तो.”